राजाची कात्री आणि माझी डावी मिशी

आधी चहाचा कप खाली ठेवा. हसताना सांडेल, मग माझ्या नावाने बोंबलू नका. पोरीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मी माझ्याच मिशीचं वाटोळं माझ्याच हाताने केलं. आता बोला!

सिंदेवाहीत माझं भांड्यांचं दुकान, मागेच घर. मोडीत जुनं पितळ येतं आणि प्रत्येक वस्तूची कुळकथा मला ठाऊक असते. ठाऊक नसली तर तयार होते. त्यात काय एवढं?

साक्षगंधाच्या आठवडाभर आधी मोडीत एक अजब पितळी कात्री आली. एका पात्यावर इवलीशी डबी, टोकाला अणी आणि खाली चक्क तीन पाय! मी ती घासूनपुसून बैठकीत मधोमध ठेवली. सोयऱ्यांवर छाप नको पडायला?

इवाई, म्हणजे नवऱ्या पोराचे वडील, आले. मिशा अशा, की दोन्हीकडे लिंबू ठेवा. बसल्याबसल्या त्यांची नजर गेलीच.

"हे काय होय जी, भाऊ?"

"गोंड राजाची मिशी कापाची कात्री!"

"अन् हे डबी?"

"राजाचा केस भुईवर पडला तं अपमान नाई का? डबीत पडे, मंग नदीत सोडत."

"पाय काऊन?"

"राजाची वस्तू भुईले टेकत नाई."

"अन् हे अणी?"

"मिशीले पीळ द्याले!"

बघा, एक प्रश्न तरी रिकामा गेला का? सारी बैठक माना डोलवायला लागली. पण इवाई पक्के. स्वतःच्या मिशीवर हात ठेवून म्हणाले, "कापून दाखवा मंग. तुमची."

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने डोळे वटारले. "अवो, राहू द्या ना! पोरीचं जमून राह्यलं, अन् तुमाले खेळ सुचून राह्यला?"

पण ऐन साक्षगंधात पोरीचा बाप खोटा ठरला, तर सोयरीक टिकेल? मी कात्री उचलली.

नुसतं टोक कापायचं होतं हो! पण पातं अडकलं, मी ओढलं, कचकन आवाज झाला आणि अर्धी डावी मिशी डबीत! वर डबीतली कुठल्या जमान्यातली काजळी ओठांवर. मी झटकन कात्री तिपाईवर ठेवली आणि तोंडाला रुमाल लावला.

"काय झालं जी?"

"दाढ दुखून राह्यली."

"आत्ताच?"

देव पावला म्हणा, तेवढ्यात लाइट गेली. संध्याकाळची वेळ, उरली फक्त पाटापुढची समई. मी अंधारात सुटकेचा निःश्वास सोडला. पण समईची वात काजळून धूर सोडायला लागली. पोरगी पाटावर बसली, कुंकू लावायचं, तर कपाळ दिसेना.

इवायांच्या थोरल्या बहिणीला सगळे बाई म्हणतात. त्या आतून आल्या, तिपाईवरची कात्री चाचपली आणि एकदम खुलल्या.

"अगाई! हे कुठी भेटली? वात कापाची कात्री हाये हे! माहा बाप जंगलातल्या बंगल्यावर चौकीदार होता, साहेबाच्या मेणबत्त्या याच्यानंच कापे."

त्यांनी अणीने वात वर सारली आणि काजळलेलं टोक कापलं. ते अलगद डबीत पडलं. कात्री त्यांनी तीन पायांवर ठेवली. "डबी निखारा धराले. पाय काऊन, तं तापलेलं पितळ टेबलाले लागू नये."

उजेड असा पडला म्हणता! "अरे वा!" म्हणून मी टाळी वाजवली.

टाळीला दोन हात लागतात. रुमाल खाली पडला.

इवायांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं. मग त्यांनी डबीत बोट घातलं आणि केस बाहेर काढले. "हे राजाचे का जी?"

मोडली सोयरीक! बायकोने तर पदर तोंडात कोंबला.

बाई इवायांकडे वळल्या. "लाव कुंकू. पोरीचा बाप थापा मारते, पण आपली मिशी देऊन मारते. असा सोयरा कुठी भेटते?"

लग्न झोकात झालं. इवायांकडून मला आहेर आला, दाढीचं सामान. कात्री मात्र बायकोने देवघरात नेली. रोज वात कापते. आणि दुकानात मी एखाद्या गिऱ्हाइकाला तांब्याची कुळकथा सांगायला लागलो, की आतून नुसता आवाज येतो, कट... कट...

माझा हात आपोआप मिशीवर जातो.