दाजींचा कापलेला कर

माझ्या बहिणीला घराबाहेर काढणाऱ्या माणसाचं नाव एका दुपारी माझ्याच टेबलावर आलं. मी जळगावात एका कर सल्लागाराकडे काम करते. केळीची वाहतूक करणारे एक नाना आमचे जुने अशील. ते फ्लॅट विकत घेत होते, म्हणून कराराचा मसुदा दाखवायला आले. विकणारे माझे दाजी होते. नावाखाली लिहिलेलं, ‘भारताचे रहिवासी’.

दाजी परदेशी गेले ते तिथलेच झाले. तिथलं नागरिकत्व घेतलं, अक्काला घटस्फोट दिला, दुसरं लग्न केलं. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, कर्जाचे हप्ते मात्र अक्काच्या शाळेच्या पगारातून गेले. एक दिवस ती शाळेतून परतली तर दाजींच्या भावानं कुलूप बदललेलं. हातात पर्स आणि तपासायच्या वह्या. मी तिला बसनं धुळ्याला आईकडे नेलं. वाटभर तिनं त्या वह्या मांडीवर घट्ट धरल्या होत्या. या माणसाला सोडायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

“नाना, हे कित्येक वर्षं परदेशात राहतात,” मी म्हणाले. “इथले रहिवासी नाहीत.”

“मग मला काय त्याचं?”

“रहिवासी असते तर तुम्ही एक टक्का कर कापला असता. आता त्याच्या कितीतरी पट कापावा लागेल, तोही पूर्ण किमतीवर. नाही कापला तर आयकर खातं तुम्हाला धरेल.”

नाना खुर्चीत पुढे सरकले. “ताई, बठ्ठं नीट सांग. हाई काय भानगड शे?”

मी सगळं सांगितलं, नातंसुद्धा. आमच्या सल्लागार सरांनी कागद स्वतः तपासले आणि माझं बरोबर असल्याचं सांगितलं. नानांनी दाजींचा पासपोर्ट मागितला.

दुसऱ्या दिवशी विक्रीसाठी इकडे आलेले दाजी ऑफिसात हजर.

“कर नफ्यावर लागतो. पूर्ण किमतीवर कसला कापता?”

“मग आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणा. अर्ज ऑनलाइन करता येतो.”

“किती दिवस लागतील?”

“काही आठवडे.”

“माझं परवाचं तिकीट आहे गं. तू घरचीच ना? काहीतरी मार्ग काढ.”

“तुमच्या भावानं कुलूप बदललं, तेव्हा अक्काला न्यायला मीच आले होते.”

त्यांनी नुसतं घड्याळ बघितलं. माझा उरलासुरला संकोच तिथंच संपला. मार्ग होता. भावाला मुखत्यारपत्र द्यायचं आणि दाखला आल्यावर खरेदीखत करायचं. मला ते तोंडपाठ होतं. मी सांगितलं नाही. ते आमचे अशील नव्हते.

खरेदीखत झालं, कर पूर्ण कापला गेला. आता इथं विवरणपत्र भरून परताव्याची वाट बघणं त्यांच्या नशिबी आलं.

रविवारी धुळ्याला जाऊन अक्काला सांगितलं. वाटलं, ती हसेल.

“म्हणजे त्याला पैसे परत मिळतीलच ना?” तिनं विचारलं.

“मिळतील. कधीतरी.”

“आणि मी भरलेले हप्ते?”



त्यानंतर वर्षभर दाजींचे मेल नानांकडे यायचे, नाना ते आमच्याकडे पाठवायचे. परतावा का अडलाय, कुणाला भेटू, कुणाला फोन करू. कर कापल्याचं प्रमाणपत्र आम्ही वेळेवर दिलं होतं, त्यापलीकडे आम्ही काही देणं लागत नव्हतो. प्रत्येक मेल मी दोनदा वाचायची. दुसऱ्यांदा, सावकाश.