दारावरची दोन नावं

माझ्या मामाला ट्रकवाले 'पंधरापावले' म्हणत, आणि नव्या माणसाला ते त्याचं खरंच आडनाव वाटे. मामा ट्रकवर अक्षरं काढायचा. मोर, गुलाब, काजळ घातलेले डोळे असलं काही नाही. कायद्याला लागतात तेवढीच अक्षरं. दोन्ही दारांवर मालकाचं नाव आणि पत्ता, खाली रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन. अक्षर चार बोटांपेक्षा बुटकं नको, रंग दारावर उठून दिसला पाहिजे, आणि दिवसाउजेडी पंधरा पावलांवरून वाचता आलं पाहिजे.

काम झालं की मामा दारापासून मोजून पंधरा पावलं मागे जायचा, पण स्वतः वाचायचा नाही. "मी लिहिलंय, मला काय, डोळे मिटूनही वाचता येईल," म्हणायचा. वाचायला उभी राहायचे मी. माझा चष्मा पाचवीपासूनचा आणि चांगला जाडजूड. "हिला दिसलं म्हणजे जगाला दिसलं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी मोठी झाले, दवाखान्यात केसपेपर काढायच्या नोकरीला लागले, तरी सुटीच्या दिवशी मामाची हाक यायचीच.

त्याच्या शेडमध्ये नियमांची पुस्तिका सुतळीने खिळ्याला टांगलेली असे. कोणी वळणदार अक्षरं मागितली की मामाच्या डोक्यात तिडीक जायची. "ही अक्षरं आहेत की गांडुळं? उद्या तुझी गाडी कोणाला उडवून पळाली तर रस्त्यावरच्या माणसाच्या हातात काय राहतं? दारावरचं नाव. तेच वाचता आलं नाही तर मेलेला मेला आणि गाडी गेली." समोरचा मालक बिचारा अपघात करायला आलेला नसायचा, पण मान खाली घालून सरळ अक्षरं काढून घ्यायचा. परिवहन कार्यालयाच्या मान्यताप्राप्त रंगाऱ्यांच्या यादीत मामा तीस वर्षं होता. यादीतल्या माणसाने लिहिलेलं दार तपासनीस बघतसुद्धा नसत.

माझ्या वडिलांचा एकच ट्रक होता. बावीस वर्षं त्यांनी त्यातून विटा वाहिल्या. त्या निळ्या दारावर त्यांचं नाव मामानेच काढलं होतं, आणि बहिणीच्या घरची गाडी म्हणून अक्षरांना एकाऐवजी रंगाचे तीन हात दिले होते. गुडघे गेले तेव्हा वडिलांनी तो ट्रक एका खडीवाल्याला विकला. नव्या मालकाचं नावही मामानेच लिहिलं, दाराच्या खालच्या अंगाला. या गोष्टीला तीन वर्षं झाली होती.

मग एका गुरुवारी सकाळी वडील मांडीवर पेपर घेऊन वाटाणे सोलत बसले असताना दोन पोलीस दारात आले. आदल्या दिवशी बाजारामागच्या वळणावर एका शिंपिणीला ट्रकने उडवलं होतं. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. ट्रक थांबला नाही. नंबरप्लेट आणि दाराचा खालचा भाग चिखलाने भरलेला होता, पण समोर बसलेल्या चपला शिवणाऱ्याने दारावरचं नाव वाचलं होतं, आणि ते नाव माझ्या वडिलांचं होतं.

वडिलांच्या मांडीवरचे वाटाणे घरभर झाले. मला आजही आठवतं ते एवढंच, की मी खाली बसून ते वेचायला लागले. एकेक. माझं डोकंच चालेना.

"ती गाडी मी विकली, साहेब," वडील म्हणाले. "कागद दाखवतो."

कागद दाखवले. त्यावर खडीवाल्याने आपला ट्रक ठाण्यात आणून उभा केला आणि दाराकडे बोट दाखवलं. दारावर पिवळ्या अक्षरांत त्याचं नाव होतं, यादीतल्या रंगाऱ्याने काढलेलं, नियमात बसणारं. "माझी गाडी परवा शेडमध्येच होती. आणि माझ्या दारावर माझं नाव आहे. त्याने वाचलं दुसरंच. यात माझा काय संबंध?"

ठाण्याच्या साहेबांनी चपला शिवणाऱ्याला चारदा विचारलं. तो चारही वेळा तेच नाव सांगत राहिला. "मी पायांकडे बघून पोट भरतो, साहेब, पण वाचता येतं मला." मग साहेब वडिलांना म्हणाले, "एक गाडी विकली असेल. दुसरी कोणाच्या नावावर चालवता का? सोमवारपर्यंत सांगा. नाहीतर मला तुम्हाला आत घ्यावं लागेल."

तीन दिवस वडील जेवले नाहीत. शेजारचे बघूनही न बघितल्यासारखं करायला लागले. ज्या माणसाने बावीस वर्षांत कोंबडीवरही चाक घातलं नाही, त्याला लोक बाईचा पाय तोडून पळालेला समजत होते. आई देवघरासमोर नाही, फोनसमोर बसून होती. रविवारी तिने मामाला बोलावलं. तो कामासाठी परगावी होता, त्याला काही ठाऊक नव्हतं.

आई सगळं सांगत होती आणि मामा चहाचा कप हातात धरून ऐकत होता. एकदाच त्याने मध्ये विचारलं, "किती वाजता झालं हे?"

"चारच्या पुढे. सव्वाचार म्हणतात."

"ऊन होतं?"

"होतं की. का रे दादा?"

मामाने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं, याला छातीत दुखतंय. तो म्हणाला, "दाजी, उद्या तीन वाजता मी ठाण्यात येतो." आणि चहा तसाच टाकून निघून गेला.

सोमवारी ठाण्याच्या आवारात तो ट्रक उभाच होता. मामाने साहेबांना विनंती करून तो वळवून घ्यायला लावला, दारावर तिरपं ऊन पडेल असा. मग बादलीभर चिखल कालवला आणि दाराचा खालचा अर्धा भाग, खडीवाल्याच्या नावासकट, स्वतःच्या हाताने माखला. वर नुसतं निळं दार राहिलं. चार वाजून गेले. मामा मोजून पंधरा पावलं मागे आला, माझा दंड धरून मला उभं केलं आणि म्हणाला, "वाच."

मी वाचलं. निळ्यावर निळी, फुगून आलेली, कडेला बारीक सावली धरलेली सरळ अक्षरं. माझ्या वडिलांचं नाव होतं ते. पुढचं साहेबांनी मोठ्याने वाचलं.

पुस्तिकेतला सातवा नियम असा आहे: गाडी विकली की जुनं नाव पत्र्यापर्यंत खरवडून काढावं, त्यावर रंग मारून झाकू नये. मामाने झाकलं होतं. तीन हातांचा रंग एका हाताखाली लपला नव्हता, इतकंच.

"तुम्हाला नियम माहीत नव्हता?" साहेबांनी विचारलं.

"पाठ आहे," मामा म्हणाला. "मला माझं अक्षर खरवडवत नाही, साहेब. हात चालत नाही."

खडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत सापडला आणि कबूलही झाला. साहेबांनी चपला शिवणाऱ्याला बोलावून सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. शिंपिणीचा पाय काही परत आला नाही.

मला मामाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांना गांडुळं गांडुळं म्हणून झापणारा हा माणूस, आणि याच्या एका लाडापायी माझे वडील जेलच्या दारापर्यंत गेले. घरी आम्ही एकाच रिक्षाने आलो. उतरल्यावर वडिलांनी मामाला एकच प्रश्न विचारला.

"अशा अजून किती गाड्या आहेत?"

मामा रस्त्याकडे बघत राहिला. समोरून एक ट्रक गेला, मागून आणखी एक.

"सगळ्या," तो म्हणाला. "विकल्या गेल्या तेवढ्या सगळ्या, दाजी."

तीस वर्षं. रस्त्यावरून शेकडो गाड्या पोटात दुसऱ्याचं नाव घेऊन पळत होत्या, आणि प्रत्येक नावामागे कुठेतरी वाटाणे सोलत बसलेला एक माणूस होता.

यादीतून मामाचं नाव महिन्याभरात काढलं गेलं. आता तो कोणत्याही दारावर अक्षर काढू शकत नाही. शेड बंद आहे. पण रोज दुपारी साडेतीनला तो खरवडायची पट्टी आणि पॉलिश पेपर घेऊन ट्रक अड्ड्यावर जातो. उभ्या गाड्यांच्या दारांकडे डोकं तिरपं करून बघत फिरतो, कारण तिरप्या उन्हातच ती अक्षरं सापडतात. सापडलं की मालकाला विचारतो, जुनं नाव पत्र्यापर्यंत काढतो, यादीतल्या दुसऱ्या रंगाऱ्याकडून दार लिहून घ्यायला सांगतो. एक रुपया घेत नाही.

सुटीच्या दिवशी मी जाते त्याच्याबरोबर. खरवडून झालं की तो मला पंधरा पावलांवर उभं करतो.

"काय दिसतं?"

"काही नाही, मामा."

तो दोनदा विचारतो. मग पुढच्या गाडीकडे जातो.