लाल कापडातल्या सात पोथ्या

अमळनेर स्टेशनावर आबांनी माझी पेटी स्वतः उचलून डब्यात ठेवली. हमालाला हातसुद्धा लावू दिला नाही. लग्नाला दोन दिवस झाले होते, अंगावरची हळद अजून निघाली नव्हती. चोपड्याहून एसटीने आम्ही अमळनेरला आलो होतो आणि आता सुरतेची पॅसेंजर मला घेऊन निघणार होती. आई पदर तोंडाशी धरून रडत होती. आबा रडले नाहीत. खिडकीतून हात घालून त्यांनी पेटीवर थाप मारली आणि म्हणाले, "बठ्ठं शे यामा. काई फेकेल नही." म्हणजे सगळं आहे यात, काही टाकून दिलेलं नाही. मला वाटलं, साड्या आणि भांड्यांबद्दल बोलतायत. मी मान डोलावली आणि गाडी हलली.

त्या पेटीत काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचा तमाशा कळेल. माझी कॉमिक्स होती. हसू नका! चोपड्यात ज्यांनी माझ्याकडून पावली देऊन एकेक दिवसासाठी ती नेली आणि कोपरे दुमडून परत आणली, त्यांनी तर मुळीच हसू नका. आमच्या केळीच्या गाड्या दिल्ली-कानपूरकडे जायच्या. परतताना ड्रायव्हर लोक वाटेत वाचायला घेतलेली हिंदी कॉमिक्स सीटखाली टाकून यायचे. मी आठवीत असताना आबांनी त्यातलं एक मला आणून दिलं, आणि तिथून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. पुढे धुळ्याला डी.एड.ला होते तेव्हा बसस्टँडमागच्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवर दोन देऊन एक घ्यायचे, घासाघीस करायचे. त्या गाडीवाल्याने एकदा हात जोडले होते, "ताई, तुम्ही आलात की माझा धंदा बसतो."

लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे दीडशेच्या वर कॉमिक्स होती. त्यात जंगलात फिरणाऱ्या एका गुप्तहेर बहीणभावाची अख्खी मालिका होती, पहिल्या अंकापासून. आईला मात्र घोर लागला. "सासरी काय म्हणतील? एवढी घोडी झाली आणि चित्रं पाहते!" आमच्याकडे रुखवत मांडतात, बाया एकेक वस्तू हातात घेऊन बघतात. पेटी उघडी पडणारच होती. तेव्हा आबांनी यावर आपल्या डोक्याने तोड काढली. ते सगळा गठ्ठा गावातल्या बाइंडरकडे घेऊन गेले. हा माणूस घरोघरच्या पोथ्या आणि शाळेची रजिस्टरं बांधायचा. चार दिवसांनी कॉमिक्सचे सात जाडजूड ग्रंथ झाले, लाल कापडात, दोऱ्याने शिवलेले. रुखवतात ते समईशेजारी मांडले होते. बाया लांबूनच हात जोडून पुढे गेल्या. पोथ्यांना कोण उघडून बघणार?

मीही त्या गडबडीत उघडून बघितले नाहीत. नंदुरबार गेल्यावर नवरा डुलक्या घेऊ लागला, तेव्हा मी पेटीतून पहिला ग्रंथ काढला आणि उघडला. कव्हर नव्हतं. दुसऱ्या अंकाचं नव्हतं, तिसऱ्याचंही नव्हतं. बाइंडरने तिन्ही बाजूंनी कडा छाटल्या होत्या, काही ठिकाणी तर माणसांची बोलणी अर्धी कापली गेली होती. कॉमिक्सचा जीव कव्हरमध्ये असतो. ते रंग, तो पहिल्या अंकावरचा झाडावरून उडी मारणारा भाऊ, खाली कंदील धरून उभी असलेली बहीण, सगळं गेलं होतं. मी हमसून हमसून रडले. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माहेर आठवतं का ग? होईल सवय." मी काय सांगणार तिला! मला माहेरचा राग आला होता.

सुरतेत उधन्याला आमची दोन खोल्यांची जागा होती. नवरा कपड्याच्या मिलमध्ये, सासूबाई घरी. दुसऱ्याच दिवशी उठून बघते तर सातही ग्रंथ देव्हाऱ्याखाली मांडलेले, त्यांना हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. सासूबाईंनी पोथ्या समजून पूजा केली होती. नवऱ्याने एक उघडला आणि आत एक गुंड दुसऱ्या गुंडाला विहिरीत ढकलत होता. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र विचारलं, "तो विहिरीत पडलेला मेला का?" नंतर कितीतरी दुपारी मी त्यांना वाचून दाखवत होते. त्या कुंकवाचे डाग अजून आहेत.

मग मी थांबले नाही. रद्दीला इथे पस्ती म्हणतात. पस्तीच्या दुकानांतून मी कॉमिक्स वेचायला लागले, डबल झालेली रविवारी बाजारात सतरंजी टाकून विकायला लागले. मला गुजराती येत नव्हतं ते भाव करता करता आलं. "बेन, ओछा करो ने", भाव कमी करा, असं म्हटलं की मी कॉमिक्स उचलून सरळ पिशवीत घालते, मग गिऱ्हाईक आपोआप ताळ्यावर येतं. वडोदरा, इंदूर, मुंबई, सगळीकडून मला इनलँड पत्रं येतात. पत्ता नीट नसला तरी पोस्टमन 'कॉमिक्सवाली बेन' म्हणून आणून देतो. कागद बघून मी अंक कोणत्या छपाईचा ते सांगते. हे मी शेखी मिरवायला सांगत नाही, बरं, थोडी शेखी आहेच.

एवढं सगळं जमलं, पण त्या बहीणभावाच्या मालिकेचे पहिले बारा अंक कव्हरसकट मला कुठेच मिळाले नाहीत. जे माझ्याकडे होते, ते आबांनीच घालवले, हे मनातून जाईना. घरी पाठवलेल्या पत्रात शेवटी 'आबांना नमस्कार' एवढंच लिहायचे. माहेरी गेले की ते हटकून विचारायचे, "पुस्तकं कशी शेत?" मी "बरी आहेत" म्हणून विषय बदलायचे. त्यांचा चेहरा पडायचा, आणि मला बरं वाटायचं. आठ वर्षं मी असं वागले. आज लाज वाटते.

एका पावसाळ्यात तापीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. तुमच्याच चोपड्याच्या शिवारावरून आलेलं पाणी ते! खालच्या फळीवर पहिला ग्रंथ होता, तो भिजला. तीन दिवसांनी ऊन पडल्यावर मी तो गच्चीत वाळत घातला. पुठ्ठा फुगून टम्म झाला होता, कोपऱ्याला पापुद्रा सुटला होता. सहज ओढला तर आत हिरवा रंग दिसला. आणखी ओढला तर एक पाय दिसला. खळीने एकावर एक चिकटवून तो पुठ्ठा माझ्या कव्हरांचाच बनवला होता! ओल्या फडक्याने मी एकेक अलगद सोडवलं. सगळ्यात आत झाडावरून उडी मारणारा भाऊ होता, आणि कंदील धरलेली बहीण.

शेजाऱ्यांच्या फोनवरून चोपड्याला किराणा दुकानात फोन लावला आणि आबांना बोलावून घ्यायला सांगितलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते पलीकडून वैतागले, "मी तं तवयच सांगेल व्हतं ना तुले, गाडीमा!" बाइंडर कव्हरं रद्दीत टाकत होता. त्याच्या धंद्यात जुनं कव्हर काढून नवा पुठ्ठा लावायचा असतो. आबा सकाळपासून त्याच्या ओट्यावर बसून राहिले. पोरीने जमवलेलं एक पान जायला नको म्हणून त्यांनी नव्या पुठ्ठ्याऐवजी तीच कव्हरं त्याला खळीने जोडायला लावली. मी विचारलं, मग मला नीट का नाही सांगितलं? म्हणाले, "तुले माहीत व्हई असं वाटनं."

गेल्या महिन्यात वडोदऱ्याचा एक संग्राहक घरी आला. पहिला अंक कव्हरसकट बघून आणि पुठ्ठ्याची हकीकत ऐकून त्याचे डोळे विस्फारले. म्हणाला, बाकीचे सहाही ग्रंथ भिजवून सोडवा, मी म्हणाल तो भाव देतो. मी नाही म्हटलं. तुम्ही गावाकडचे मला सारखं विचारता, आता तुझं घर कोणतं? सुरत, दुसरं कोणतं! माझा बाजार इथे, माझी माणसं इथे. पण या सहा ग्रंथांचे पुठ्ठे मी उघडणार नाही. माझं माहेर आहे ते, जसं बांधून दिलं तसं राहू दे.

त्या माणसाला काही पटेना. "बेन, पण बाकीच्यांत कव्हरं आहेत हे न बघता कशावरून सांगता?"

"आबांनी सांगितलंय," मी म्हटलं, आणि चहा टाकायला उठले.