उशाकडची दोन बटणं

आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलची नवी इमारत ज्या कोणी आखली, त्याला एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून माझ्या वॉर्डात दिवसभर झोपवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. शिक्षा म्हणून नाही. बरं, थोडी शिक्षा म्हणूनही.

एकवीस वर्षं मी इथे सिस्टर आहे. जुन्या इमारतीत पेशंट हाक मारायचा आणि आम्ही जायचो. नव्या इमारतीत हाक मारायची नाही असं ठरलं. प्रत्येक खाटेच्या उशाकडे भिंतीवर चकचकीत पट्टी आली आणि तिच्यावर दोन पांढरी बटणं. एक बेलचं, एक दिव्याचं. एकाच मापाची, सारखीच गुळगुळीत, शेजारी शेजारी. कुठलं कशाचं हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं. डोळ्यांच्या हॉस्पिटलात, बारीक अक्षरांत! शिवाय बेल वाजायची ती माझ्या टेबलावर. दाबणाऱ्याला ती वाजली की नाही हे कळायची काही सोयच नव्हती.

पहिल्याच महिन्यात एक म्हातारी शिक्षिका दुपारभर दिवा लावत आणि विझवत पडली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आणि तिला बाथरूमला जायचं होतं. मी गेले तोवर अंथरूण ओलं झालं होतं. मी काही बोलायच्या आत तीच हात जोडून म्हणाली, "माझंच चुकलं हो सिस्टर. मला हे नवीन काही कळत नाही."

समोर वायरमन शिडीवर चढून पंखा बघत होता. तो खाली उतरला, तिच्या खाटेशी आला आणि म्हणाला, "आजी, तुमचं नाही चुकलं. करणाऱ्याचं चुकलंय."

आमचा वायरमन म्हणजे पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कानामागे पेन्सिल आणि खिशात टेस्टर. बोलण्यात महाकंजूष. त्या दिवशी तो बोलला तेवढं मी त्याच्याकडून वर्षभरात ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मुलीच्या तुटलेल्या माळेचे मणी घेऊन आला आणि चोवीस खाटांच्या चोवीस बेलच्या बटणांवर एकेक मणी गोंदाने चिकटवला. न बघताही बोट बरोबर तिथेच जायचं. प्रत्येक नव्या पेशंटला मी सांगायचे, मणी लागला की दाबा. एवढंच. दोन वर्षं कोणाचं अंथरूण ओलं झालं नाही.

मग त्याला नादच लागला. वॉर्डाच्या दाराला दोन्हीकडून सारखीच मूठ होती, त्यामुळे जो तो ओढत बसायचा. त्याने ढकलायच्या बाजूची मूठ काढून तिथे सपाट पत्रा ठोकला. हात धुवायचा नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम पाणी येतं याचा पत्ता लागायचा नाही, तिथे त्याने लाल रंगाचा ठिपका दिला. पेशंटला नंबर देणारं यंत्र म्हणजे एक वेगळीच डोकेदुखी. कागद वरून घालायचा आणि चिठ्ठी गुडघ्यापाशी यायची. माणसं अर्धा अर्धा तास चिठ्ठीची वाट बघत उभी, आणि चिठ्ठी खाली येऊन पडलेली. तिथे त्याने कोळशाने एवढा मोठा बाण काढला. मी त्याला म्हटलं, "अहो, तुम्ही हे हॉस्पिटल रंगवून काढाल." तो नुसता हसला आणि शिडी उचलून गेला.

पुढे तपासणीची टूम निघाली. बाहेरून माणसं येणार, सगळं बघणार आणि चांगलं दिसलं तर प्रमाणपत्र देणार. हॉस्पिटलचे मोठे साहेब वॉर्डभर फिरले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्याही जिवाला वरून घोर असतो. त्यांनी एका मण्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय दुकान मांडलंय?"

मी सांगितलं. वायरमननेही चक्क तीन वाक्यं सांगितली. साहेब म्हणाले, "कळतं हो मला. पण हे काढा. तपासणी झाली की बघू."

तपासणी होऊन गेली, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, आणि 'बघू' कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा द्यायला हवी होती. वॉर्डात कामाने जीव मेटाकुटीला आलेला, आणि साहेबांच्या दारात उभं राहायला पाय उचलेना. असं म्हणून मी स्वतःला सोडवून घेते, पण सुटत नाही.

मणी वायरमननेच काढले. त्याचं काम म्हणजे काम. ब्लेडने खरवडून, स्पिरिटने पुसून त्याने बेलची बटणं आरशासारखी केली. काढलेले मणी डबीत भरून खिशात ठेवले.

चार महिन्यांनी त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन आमच्याच इथे झालं आणि खाट मिळाली ती माझ्याच वॉर्डात, सातवी. असं ऑपरेशन झालं की माणसाला पालथं झोपवतात. तोंड खाली, हलायचं नाही. डॉक्टरांनी त्याला आणि मला दोघांनाही बजावलं होतं, डोळा ठणकायला लागला की लगेच कळवायचं. दाब वाढला असेल, आणि वेळ गेला तर नजर जाईल.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी डोळा ठणकायला लागला. त्याने हात डोक्यावरून पुढे नेला आणि भिंतीवर चाचपलं. एक बटण गुळगुळीत लागलं, दुसरं खरखरीत. त्याला वाटलं, हाच आपला गोंद राहिलेला, हीच बेल. तो गोंद नव्हता. तपासणीच्या आधी भिंती रंगवल्या होत्या, त्याचा एक वाळलेला थेंब दिव्याच्या बटणावर बसला होता. त्याने दिवा लावला. परत दाबला, विझवला. परत लावला. खिडकीतून लख्ख ऊन आलेलं, त्यात दिवा दिसणार कोणाला? मी वीस पावलांवर टेबलाशी बसून औषधांचे कागद लावत होते.

तासाने मी डोळ्यात औषधाचे थेंब घालायला गेले तेव्हा त्याची उशी भिजली होती.

"हाक का नाही मारलीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"बेल दाबली ना," तो म्हणाला. "म्हटलं, सिस्टर कामात असतील. येतील."

मी भिंतीवर दाखवलं असतं, पण त्याला बघता येत नव्हतं. म्हणून त्याचा हात धरून बटणावर ठेवला आणि सांगितलं. तो उशीत तोंड खुपसूनच म्हणाला, "माझंच चुकलं मग."

डॉक्टर धावत आले, करायचं ते सगळं केलं. नजर गेली. उजेड आणि सावली एवढं कळतं, बाकी काही नाही. एका डोळ्याने शिडीवर चढता येत नाही म्हणून त्याचं कामही गेलं. मी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं, कुठल्या खाटेवर, कुठलं बटण, किती वेळ. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो माझाच.

काल तो डोळा दाखवायला आला होता. केसपेपर झाल्यावर वॉर्डात आला. खिशातून डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"चोवीस आहेत. मला आता बारीक काम जमत नाही."

मी त्याला सातव्या खाटेशी नेलं. खाट रिकामी होती. तपकिरी चिकटपट्टीची घट्ट गोळी करून मी बेलच्या बटणावर डकवली होती. चोवीसही खाटांवर. दिसायला भिकार होतं, आणि साहेब रोज ते बघून न बघितल्यासारखं करून पुढे जात होते.

"तुमचं नव्हतं चुकलं," मी म्हटलं. खूप दिवस म्हणायचं होतं.

त्याने ती गोळी बोटाने चाचपली. तेवढ्यात मला कोणी बोलावलं म्हणून मी टेबलाकडे गेले. कागदावर सही करत होते आणि बेल वाजली. सात नंबर. हातातलं पेन टाकून मी धावत गेले. तो खाटेच्या कडेला बसला होता, चांगला डोळा मिटून, हात मागे भिंतीवर.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाही," तो म्हणाला. "येता का, बघत होतो."