बंद काचेमागचा पायलट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये वाद नको. आमच्या सोसायटीची लिफ्ट कुणी बटण न दाबता तिसऱ्या मजल्यावर थांबायला लागली, तेव्हा अर्धी बिल्डिंग लिंबू-मिरची बांधायला निघाली होती आणि लिफ्टवाल्याला फोन करणारा मी होतो. भूत, आत्मा, संकेत... हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आजही शिरत नाही. तरी लिहितोय, कारण ज्यांना विचारायचं त्या सगळ्यांना विचारून झालंय, आणि मी आता खरंच दमलोय.

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या अलीकडे आमचा वन बीएचके आहे. घरात मी, बायको गौरी आणि माझे वडील, अण्णा. हॉलमध्ये खिडकीला लागून अण्णांची हॉस्पिटलमध्ये असते तसली कॉट, आणि तिच्या पायथ्याशी माझं टेबल. गेल्या वर्षी अण्णांना मोठा स्ट्रोक आला. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली, डावीही नावालाच उरली. डोळे उघडे असतात, पण ते बघतात की नुसतेच उघडे असतात, हे कुणालाच सांगता येत नाही. फार अपेक्षा ठेवू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले. चमच्याने पेज भरवली की गिळतात. गौरीची नोकरी मालाडला, त्यामुळे मी ऑफिसकडून वर्क फ्रॉम होम मागून घेतलं. डायपर, कूस बदलणं, पाठीला पावडर, मध्येच मॅनेजरचा कॉल... असा दिवस जातो.

ह्या सगळ्यात माझा एकच विरंगुळा — रोबोट. हसू नका. टेबलावर खेळायचा युद्धाचा गेम असतो, अवाढव्य रोबोटांचा. म्हणजे गोष्टीत अवाढव्य, हातात घेतले तर बोटभर. प्लास्टिकचे सुटे भाग आपणच कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मी खेळतो तो सोलो, म्हणजे समोर दुसरा खेळाडू नसतोच. शत्रूने काय करायचं ते फासा ठरवतो. माझ्यासारख्याला तेच परवडतं, सवड काढून कोण येणार माझ्याकडे? अण्णांचा दुपारी डोळा लागला की मी ब्रश हातात घ्यायचो. खेळणं कमी, रंगवणंच जास्त.

अण्णा धडधाकट होते तेव्हा माझी भरपूर चेष्टा करायचे. पण नवीन रोबोट झाला की दिव्याखाली धरून बघायचेही तेच. त्यांची सगळी नोकरी भांडुपच्या एका कारखान्यात गेली, छताखालून फिरणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ह्याच्यात माणूस बसतो कुठे? मी दाखवलं की म्हणायचे, काच केवढीशी ठेवलीय, ह्याला खालचं काय दिसणार, कपाळ?

तर त्या महिन्यात मी एक मोठा रोबोट करायला घेतला होता. त्याच्या छातीत पारदर्शक काचेची केबिन आणि आत पायलट, तांदळाच्या दाण्याएवढा. ह्या कामाचा एक साधा नियम आहे. आधी पायलट रंगवायचा, मग काच चिकटवायची. नवशिक्यालाही माहीत असतं. पण आदल्या रात्री अण्णांची चादर पुन्हापुन्हा बदलावी लागली होती, डोळे चुरचुरत होते... मी सुपरग्लूने काच बसवून मोकळा झालो आणि मग आत बघितलं. पायलट कोरा. नुसता राखाडी प्रायमर मारलेला.

लागली ना वाट. सुपरग्लूने बसवलेली काच काढायला गेलं तर तडकते. शिवाय ग्लूच्या वाफेने काचेच्या एका कोपऱ्यात पांढरट डाग धरला होता. वैतागून फोटो काढला आणि आमच्या पेंटिंगच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. एकाने लिहिलं, तुझा रोबोट ऑटोमॅटिक आहे, आत कुणी नाहीच असं समज. मलाही ते पटलं. रोबोट मी टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

त्याच आठवड्यात ताई आली. माझी मोठी बहीण सुनंदा, पार्ल्याला असते, बँकेत आहे. तिने बदलापूरच्या बाजूला पेशंट ठेवून घेणारी एक जागा बघून ठेवली होती. स्वच्छ, नर्स चोवीस तास. तिला मी दोष देत नाही, माझं वजन किती उतरलंय ते तिला दिसत होतं. अण्णांच्या कॉटशेजारीच चहा पीत आम्ही सगळं ठरवलं. रविवारी सकाळी अँब्युलन्स येणार, बरोबर काय काय द्यायचं, कुठली गादी. ताई म्हणाली, "संदीप, त्यांना काय कळतंय रे आता? इथे काय नि तिथे काय, त्यांना सारखंच. तू मात्र आडवा होशील एक दिवस."

"हो गं," मी म्हटलं. "आत कुणी नाहीच आता."

अण्णांच्या पायाशी बसून म्हणालो मी हे.

शनिवारी दुपारी अण्णा झोपले होते. म्हटलं, उद्यापासून घर रिकामं, निदान रोबोट तरी पुरा करू. भिंगाचा दिवा लावला, रोबोट हातात घेतला आणि कडा रंगवायला लागलो. काचेशी आलो आणि ब्रश थांबला.

आतला पायलट रंगवलेला होता.

खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. सावळा चेहरा. आणि गळ्याभोवती विटका गुलाबी रुमाल. कारखान्यात भट्टीची धग असायची म्हणून अण्णा गळ्याला तसाच रुमाल बांधून जायचे, आई रोज धुवायची, धुऊन धुऊन त्याचा रंग असाच झाला होता. माझ्या रंगांच्या डब्यात गुलाबी नाही. राखाडी, शेवाळी, गंजाचा तपकिरी, असलेच रंग लागतात मला. आणि इतकं बारीक काम माझ्या हाताला जमतही नाही, खोटं कशाला बोलू?

पहिला विचार तुम्ही कराल तोच मी केला. झोपेत मीच रंगवला असणार. पण कुठून? काच तशीच चिकटलेली, नखाने सगळीकडून दाबून बघितली, कणभर हलली नाही. कोपऱ्यातला पांढरट डाग फोटोशी ताडून बघितला. तोच डाग, तोच आकार. फोटोत मात्र आतला माणूस राखाडी. मागे वळून अण्णांकडे बघायची हिंमत व्हायला बराच वेळ लागला. ते झोपले होते.

संध्याकाळी गौरी आल्यावर मी तिच्यापुढे रोबोट आणि भिंग धरलं. तिने खूप वेळ बघितलं आणि हळूच म्हणाली, "हा अण्णांचा रुमाल आहे." मग तिथेच खुर्चीत बसून राहिली, पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही.

ताईला फोनवर काय सांगणार? ती रविवारी सकाळी आलीच, अण्णांची बॅग भरायला. मी रोबोट पुढे केला तर भडकली, अँब्युलन्स निघाली असेल आणि तू मला खेळणी काय दाखवतोस म्हणून. शेवटी भिंगातून बघितलं. गुलाबी रंग आणलास कुठून, विचारलं. आणलाच नाही म्हटलं. मग तिने रोबोट जपून खाली ठेवला आणि कॉटजवळ गेली. इतके महिने ती यायची, पाया पडायची आणि अण्णा कसे आहेत हे मला विचारायची. त्या दिवशी ती त्यांच्या तोंडाशी वाकली.

"अण्णा, मी आलेय. सुनंदा." मग तिने त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्यासमोर आम्ही काय काय बोललो हो, अण्णा..."

अँब्युलन्सला फोन करून नको म्हणून मीच सांगितलं.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. बोट हलेल, डोळ्यांत पाणी येईल. काही झालं नाही. अण्णा पंख्याकडे बघत राहिले.

ग्रुपमधल्या एका मित्राने येऊन रोबोट उलटासुलटा करून बघितला. बाहेरच्या रंगाची छटा काचेतून आत दिसत असेल म्हणाला, पण बोलताना त्यालाही ते पटत नव्हतं. डॉक्टर म्हणतात, पेशंटमध्ये काही फरक नाही. ताईचं म्हणणं, काच फोडून एकदा बघून टाक. मी फोडणार नाही. भीती वाटते. आत राखाडीच निघाला तर?

आता ताई शनिवार-रविवार इथे राहते आणि मी बेडरूममध्ये जाऊन मेल्यासारखा झोपतो. तरी पाठ दुखतेच, चिडचिड होतेच. बदलापूरच बरं होतं, असं वाटणारे दिवसही येतात, कशाला लपवू? काय झालं, कसं झालं, हे आता मी शोधतही नाही.

काल दुपारी पेज भरवताना विचारलं, "अण्णा, मीठ कमी पडलंय का?" पुढचा चमचा भरायच्या आधी मी थांबलो, माणसाला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ.