मधुभाऊंचा बर्फाचा कारखाना

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या माझ्या ऑफिसात एका द्राक्षवाल्याचं विवरणपत्र भरत होते. “आत्या, बाबा गेले,” ती म्हणाली. “कारखान्यातच... बसल्या जागी.” तिच्या आवाजामागे काँप्रेसरची घरघर ऐकू येत होती. बाप गेला आणि मशीन चालू, हे मला त्या क्षणी विचित्र वाटलं. आता काही आठवडे उलटल्यावर कळतं, ते बंद केलेलं त्यांना आवडलं नसतं.

मधुकर रणपिसे म्हणजे अख्ख्या आळेफाट्याचे मधुभाऊ. त्यांचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या उचलायचे. मधुभाऊंनी फाट्यापासून जरा आत स्वतःचा कारखाना उभा केला. मी कर सल्लागार, त्यांचे हिशेब बघायची. त्यातून त्यांनी मला बहीणच करून टाकलं. रसवंतीवाले, मासळीवाले, लग्नातले आचारी त्यांच्याकडून बर्फ नेत. पण एका गिऱ्हाइकाकडून मात्र भाऊ पैसे घेत नसत. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि मुलं मुंबईहून यायची असली, की त्या घरचं कुणीतरी फाटकाशी येई आणि हळूच म्हणे, “माणसासाठी पायजे.” भाऊ चपला काढून उभे राहत आणि स्वतःच्या हातानं लादी काढून देत.

बर्फाचा धंदा उन्हाळ्याचा. टाळेबंदीत लागोपाठ दोन उन्हाळे हातचे गेले. बँकेचे हप्ते थकले, जुन्नरच्या हनीफभाईंचे अमोनियाचे आणि सुट्या भागांचे पैसे थकले, कामगारांचे पगार राहिले, आणि शेवटी वीज तोडली गेली. मशीन थांबलं. भाऊ माझ्यासमोर येऊन बसले. मी त्यांना वाटा समजावल्या. बँकेनं जागा ताब्यात घेऊन लिलाव करायची वाट बघायची, ही एक. आपणच मशीन विकून बँकेशी एकरकमी तडजोड करायची आणि मोकळं व्हायचं, ही दुसरी. कंपनी असती तर दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुन्हा उभं राहण्याचा आराखडा मंजूर करून घेता आला असता. पण कारखाना भाऊंच्या एकट्याच्या नावावर, त्यांना ती सोय नव्हती. उरली तिसरी वाट... ज्यांचं देणं होतं त्या सगळ्यांना एकत्र बसवायचं, हप्ते लांबवून मागायचे आणि धंदा चालू ठेवायचा. “ती लई अवघड आहे, भाऊ,” मी म्हणाले. “एक जरी नाही म्हणाला तरी सगळं बारगळतं.” त्यांनाही विकून टाकावंसंच वाटत होतं. थकले होते हो ते.

मग पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला कारखान्यावर बोलावलं. वीज तोडल्यानंतर एक म्हातारी फाटकाशी आली होती म्हणाले. माणसासाठी लादी हवी होती तिला. भाऊंनी हात जोडून सांगितलं, बर्फ नाही. “नुसती बर्फाच्या रिकाम्या डब्यांकडं बघत राह्यली, ताई. मंग गेली.”

“कुणाकडची होती?”

“फाट्यावर समद्यांना इचारलं. कुणालाच म्हाईत न्हाई. आन् दुसऱ्या दिसापासनं हे चालू झालं.”

त्यांनी खाली बोट दाखवलं. शेडच्या बंद दारापासून फाटकापर्यंत आणि तिथून रस्त्यापर्यंत, ओल्या थेंबांची एक रेघ गेली होती. गोणपाटात लादी गुंडाळून कुणी चालत गेलं की पडते तशी. भर एप्रिलची दुपार, सिमेंट तापून पाय ठरत नव्हते. पंपाला वीज नाही, नळ कोरडे. मी वाकून त्या पाण्याला हात लावला. बोटांना कळ येईल इतकं गार होतं ते... त्याचा उलगडा मला तेव्हाही झाला नाही, आजही झालेला नाही.

“इकायचं न्हाई,” भाऊ हळूच म्हणाले. “अजून कुणीतरी नेतंय.”

बैठक कारखान्यातच भरली. बँकेचे साहेब, हनीफभाई, कामगारांच्या वतीनं एक जण. आराखडा मी मांडला: मुदत वाढवून द्यावी, सुरुवातीचे काही महिने फक्त व्याज घ्यावं, अर्धी शेड टोमॅटोच्या व्यापाऱ्याला भाड्यानं द्यायची, ते भाडं थेट हनीफभाईंना, भाऊंचा टेंपो विकून कामगारांचे पगार आणि विजेची थकबाकी. साहेब वरिष्ठांकडे शिफारस करायला राजी झाले. हनीफभाई अडले. “मशीन विका आणि मला मोकळं करा, भाऊ. मलाबी घरदार आहे.”

“आज इकलं तर भंगाराचा भाव ईल, हनीफभाई. त्यात बँकच पयली. तुमच्या वाट्याला काय ऱ्हाईल? चालू ऱ्हायलं तर समदं देतो, पर उशिरा.”

हनीफभाई उठले, मशीनची किंमत करायला म्हणून बर्फाचे डबे बुडवायच्या टाकीजवळ गेले आणि लाकडी झाकणावर तळहात टेकवला. झटकन मागे घेतला. गारठलेला तळवा त्यांनी दुसऱ्या हातानं चोळला.

“हे... बंद आहे ना?”

“वीजच न्हाई म्हणल्यावं चालंल कसं?”

हनीफभाई परत येऊन बसले. “कुठं सही करायची ते सांगा,” म्हणाले.

बँकेची मंजुरी आली, मशीन सुरू झालं. मग ती ओली रेघ वेगळी ओळखूच येईना. लाद्या रोजच बाहेर जायला लागल्या होत्या. भाऊ मात्र सकाळी गेट उघडताना आधी जमिनीकडे बघत. विचारलं तर हसत नुसते. गेल्या दिवाळीआधी त्यांनी शेवटचं देणं फेडलं, ते हनीफभाईंचं. जुन्नरला जाऊन, पेढे घेऊन.

भाऊ गेले त्या दिवशी गावातली मयत ठेवायची शीतपेटी दुसरीकडे गेलेली होती आणि सिद्धार्थ, त्यांचा मुलगा, दुबईहून दुसऱ्या दिवशी पोचणार होता. हनीफभाई जुन्नरहून आले, कारखान्याच्या फाटकाशी चपला काढल्या. कामगार पुढे झाले तर त्यांना हातानंच थांबवून या वयात त्यांनी स्वतः लादी उचलली. दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धार्थ आला. आदल्या दिवसापासून घरात माणसांची दाटी, वर पत्रा तापलेला. बुद्धवंदना झाली, भाऊंना उचललं, तेव्हा लादीच्या कडा तशाच धारदार होत्या. खाली ठेवलेली परात कोरडी. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

परवा आळेफाट्याला गेले होते. कारखाना आता प्रज्ञा चालवते, पण टेबल तिनं बाहेर व्हरांड्यात मांडलंय. भाऊंच्या काचेच्या केबिनमध्ये ती बसत नाही. काचा दव धरून धुरकटलेल्या दिसल्या. “रोज पुसते मी, आत्या,” ती म्हणाली. “दुपारपर्यंत परत तशाच होतात. पंखासुद्धा काढून टाकला, लागतच नाही.” मी दार ढकललं. भाऊंची खुर्ची जराशी दाराकडे वळलेली होती, कुणी आलं की ते वळवायचे तशी. मी समोरच्या स्टुलावर बसले, पदर खांद्यावरून लपेटून घेतला.

“आत्या, गार लागतंय का?” प्रज्ञानं बाहेरून विचारलं.

“लागतंय,” मी म्हणाले, आणि तशीच बसून राहिले.