शहजाद्याच्या आधीचा घास

जरगुना कुणावर म्हणून विश्वास ठेवायची नाही. लुधियान्याच्या काबुली मोहल्ल्यात लोक तिच्या संशयीपणाला हसत, पण तोंड फिरवून हसत, कारण बाईची जीभ म्हणजे वस्तरा. आणि तिचं चुकत होतं असं तरी कोणत्या तोंडानं म्हणावं? काबूलचं तख्त गेलं तेव्हा थोरल्या शहजाद्याला सख्ख्या चुलत्यानं जेवायला बोलावून विष घातलं होतं. त्या शहजाद्याचा मुलगा दाराब त्या वेळी बेगमेच्या पोटात होता. फिरंग्यांच्या आसऱ्याला इथं आल्यावर तो जन्मला आणि दाई जरगुनाच्या अंगावर वाढला. एका कुशीला तो, दुसऱ्या कुशीला तिची स्वतःची पलवशा.

तख्ताला वारस म्हणून एवढाच जीव उरलेला. म्हणायचा वारस, आणि डोक्यावरचं छप्पर गळतंय! पण बेगमेनं जरगुनाचे हात धरून सांगितलं होतं, "एवढा जगव. बाकी मला काही नको."

दाराबच्या ताटातला पहिला घास आधी जरगुना खायची. मग तिच्या मनात आलं, मोठ्या माणसाला पचेल ते विष लेकराला कुठलं पचायला? तेव्हापासून पहिला घास पलवशाला. दोघं एका वयाची, एका अंगकाठीची. नान असो, डाळिंब असो, आधी पलवशानं खायचं, जरगुनानं शंभर आकडे मोजायचे, मग शहजाद्यानं हात लावायचा. पोरीला वाटे, केवढा आपला मान! गल्लीतल्या मुलींपुढे ती मिरवायची.

"अगं, पोटची पोर आहे तुझी," म्हातारा कारभारी मेहराब एकदा न राहवून म्हणाला.

"आणि तो कोण आहे? तुमच्या घोडीचं शिंगरू? मेहराबलाला, परवा दूधवाल्याशी तासभर काय कुजबुजत होतात, ते आधी सांगा!"

मेहराबनं कानाला हात लावला आणि काढता पाय घेतला.

दाराबला सहावं लागलं त्या हिवाळ्यात छावणीतल्या डॉक्टराचा माणूस आला. निहालचंद त्याचं नाव. देवीची लस टोचत हिंडायचा.

"साथ येतेय, बाई. साहेबानं मुद्दाम पाठवलंय."

"मुद्दाम! ऐकलंत, मेहराबलाला? मुद्दाम! ताटातून जमलं नाही, आता सुई घेऊन आले!"

"एवढासा ओरखडा आहे. हात सुजेल, दोन दिवस ताप येईल, घाबरायचं नाही."

"विष घालणारा दुसरं काय सांगणार? आधी हिला ओरखड. शहजाद्याचं मागाहून बघू."

पलवशानं ऐटीत बाही वर केली. निहालचंद टोचून गेला, आठवड्यानं येतो म्हणाला.

सहाव्या दिवशी पोरीच्या दंडावर टपोरा फोड आला. काखेत गाठ, अंग तव्यासारखं तापलेलं. जरगुना ढसाढसा रडली. पण खरं सांगायचं तर रडता रडता तिला मनातून बरंही वाटलं. सापडला चोर! सहा वर्षं डोळ्यांत तेल घालून जागली होती ती उगाच नाही.

निहालचंद परत आला तेव्हा तिनं दाराबला रजयांच्या खोलीत कोंडलं होतं. "शहजादा पाहुण्यांकडे पतियाळ्याला गेलाय," तिनं दारातूनच सांगितलं.

"पोरगी तर हिंडतेय की," मेहराब पुटपुटला.

"कमी पडलं असेल विष," जरगुना म्हणाली, आणि विषय संपला.

उन्हाळ्याच्या तोंडाला देवी मोहल्ल्यात शिरल्या. तिसऱ्याच घरात त्यांनी दाराबला धरलं. पलवशा त्याच्या अंथरुणावरून हलेना. ओढून काढली तरी परत जाऊन त्याला बिलगायची. नवव्या दिवशी शहजादा गेला. काबूलहून विष घालायला कुणी आलं नाही, आणि पलवशाच्या अंगावर एक फोड उठला नाही.

हे सगळ्यांनी पाहिलं. बेगमेनंही पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं जरगुनाला समोर बोलावलं.

"तुला ठाऊक होतं," बेगम म्हणाली. "औषध आपल्या पोरीला दिलंस आणि माझ्या लेकाला लपवलंस."

"नाही हो, बेगमसाहेब!" जरगुनानं जमिनीवर कपाळ आपटलं. "कुराणाची शपथ! औषध आहे हे कळलं असतं तर आधी त्यालाच नसतं का दिलं? मला ते विष वाटलं. विष वाटलं म्हणूनच तर पोरीला दिलं!"

बेगमेला पटलं. तिनं ओढणी तोंडावर घेतली आणि हुंदके देऊ लागली. जरगुनाला हायसं वाटलं. उठून वळली, तर उंबऱ्यावर पलवशा उभी.

संध्याकाळी जरगुनानं नान मोडून तिच्यापुढे ठेवला. लेकरू सकाळपासून उपाशी होतं. पलवशानं नानकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ताटली तिच्याकडे सरकवली.

"तू खा," ती म्हणाली, आणि हळूहळू आकडे मोजू लागली.